बेलीफ: धुराडे नसलेले शेतघर

इंग्लंडच्या दक्षिणेस, चिचेस्टरपासून साधारण ११ किलोमीटरवर असलेल्या सिंगल्टन गावालगत 'वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम' आहे. इतरत्र पाडली जाण्याच्या बेतात असलेली जुनी घरे सुटी करून येथे पुन्हा उभारली आहेत. पन्नासहून अधिक वास्तूंपैकी एकच नीट पाहायची असेल, तर ती बेलीफ असावी, असे माझे मत आहे. केंटमधील चिडिंगस्टोनजवळचे हे शेतघर बाऊ बीच जलाशयाखाली जाणार होते. म्हणजे आपल्या भाषेत धरणग्रस्तच.

घराचा सर्वांत जुना भाग १५व्या शतकाच्या आरंभीचा असून यजमानाच्या बाजूच्या टोकाचा भाग सुमारे शंभर वर्षांनंतरचा आहे. सांगाडा ओक लाकडाचा, भिंती कुडाच्या आणि छप्पर कौलारू. बाहेरून पाहताना दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले आणि मधला भाग मागे सरकलेला दिसतो. छप्पर मात्र सलग एकच असल्याने मध्यभागी पुढे आलेल्या वळचणीला वाकड्या तिरप्या लाकडांचा आधार द्यावा लागला आहे.

आत गेल्यावर या रचनेचे कारण कळते. मधल्या दोन खणांवर माळा नाही, कारण चूल जमिनीवर उघडी आहे आणि धुराला वर चढायला जागा हवी. धुराडे नाही, खिडक्यांना काच नाही. उभे लाकडी गज आणि आतून झडपा एवढेच, त्यामुळे वारा ज्या बाजूने येई तिकडची झडप लावून घेण्याला पर्याय नसे. एका टोकाला समोरासमोर दोन दारे व त्यांपलीकडे कोठीच्या दोन खोल्या, तर दुसऱ्या टोकाला यजमानाची बसण्याची जागा: घरातील मानपान असा जमिनीच्या आखणीतच दिसतो. डोळे अंधाराला सरावल्यावर मान वर करून आढ्याखालचा मधला खांब आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेले आधार पाहावेत. सांध्यांत कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत. उणी पडलेली लाकडे नव्याने घडवून घातली आहेत. ती रंगावरून ओळखू येतात आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला.

लंडन व्हिक्टोरियाहून रेल्वेने चिचेस्टर सुमारे दीड तासावर आहे, तेथून मिडहर्स्टकडे जाणारी ६० क्रमांकाची बस सिंगल्टनला थांबते. उघडण्याचे दिवस आधी तपासावेत. पायवाटा चढउताराच्या असून पावसात चिखल होतो, तेव्हा बूट भक्कम हवेत. चूल पेटलेली असताना धूर डोळ्यांना झोंबतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी जपावे. तरीही शक्यतो तेव्हाच जावे, कारण विझलेल्या चुलीसमोर हे घर अर्धेच कळते. त्याच जलाशयातून वाचवलेले विंकहर्स्ट हे जुने स्वयंपाकघर जवळच आहे आणि तेथे ट्यूडर काळातील (साधारण १६व्या शतकातील) स्वयंपाक करून दाखवतात. रविवारी बसच्या फेऱ्या कमी असू शकतात, म्हणून परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी.