झऱ्याच्या माथ्यावरचा खड्डा

मंचरला पुणे-नाशिक महामार्ग सोडून घोडेगावमार्गे आहुप्याकडे निघाले, की डिंभे धरणाचा जलाशय बराच काळ सोबत करतो. घोड नदीचे हे पाणी कालव्यांनी खालच्या बागायतीला जाते, आणि काठावरच्या महादेव कोळी व ठाकर वाड्यांतील बायका मे महिन्यात डोंगरातल्या झऱ्यावर हंडे घेऊन पाळी धरतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण इथे नुसती ऐकून सोडून देता येत नाही.

आम्ही पुण्यातील काही जण पाणी आणि शौचालयांच्या कामासाठी गेलो होतो. पाहणी, नोंदी, पाण्याचे नमुने यांत सुरुवातीचे दिवस गेले. ज्या घरी उतरलो तिथल्या ताई पहाटे डोक्यावरून आणलेल्या पाण्यातला भरलेला तांब्या हात धुवायला पुढे करत, आणि तो घेताना मला फार अवघड होई.

एके सकाळी वाडीच्या वर, रस्त्यालगत, फक्कीने आखलेले चौकोन दिसले. विटांची गाडी तिथवर येते, म्हणून ठेकेदाराने शौचालयांच्या शोषखड्ड्यांसाठी तीच जागा धरली होती. एक आजी त्या आखणीत येऊन उभ्या राहिल्या. “हितं खड्डा नको, दादा. पाऊस हितंच मुरतो आन् खाली झऱ्याला येतो.”

त्यांचे म्हणणे भूशास्त्राला धरून होते. सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, थरांचा आहे. भेगाळ थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि उतारावर वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर पडते. शोषखड्ड्याच्या भिंतीत मुद्दाम फटी ठेवतात, कारण पाणी जमिनीत जिरावे आणि मैल्याचे खत व्हावे, अशीच त्याची रचना असते. जाड मातीत जंतू गाळले जातात, पण इथे वीतभर मातीखाली भेगांचा खडक लागतो. तिथे खड्डा घेणे म्हणजे झऱ्यातच मैला सोडणे होय.

मला राग आला तो याचा, की शौचालयासाठी दर घरामागे १२,००० रुपयांचे अनुदान ठरते, आराखडे होतात, मात्र पाऊस कुठे मुरतो हे वाडीतल्या कोणालाही विचारले जात नाही. २०१९ च्या जलजीवन मिशनप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवे; या वाडीत नळ बसले आहेत आणि उन्हाळ्यात ते कोरडे असतात. मग शौचालयात ओतायचे पाणीही बायकांच्याच डोक्यावरून येणार, आणि म्हणूनच जागा ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा भाग पेसा कायद्याखाली, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला निर्णयाचे अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. ग्रामसभा बसली, आजी बोलल्या, आणि खड्डे झऱ्याच्या खालच्या उतारावर घेण्याचे ठरले. तिथे गाडी जात नसल्याने विटा डोक्यावरून उतरवाव्या लागतील. त्या वाहतुकीची तरतूद अंदाजपत्रकात नाही, आणि तो खर्च कोणी सोसायचा हे आम्ही निघेपर्यंत ठरले नव्हते.