तुर्किस्तानमधला दिवस
आज कझाकस्तानातल्या तुर्किस्तान शहरात होते. सूफी संत ख्वाजा अहमद यसवी यांच्या दर्ग्यात. तैमूरने १३८९च्या सुमारास बांधायला घेतलेली ही वास्तू तो १४०५मध्ये वारल्यावर अर्धवटच राहिली. समोरच्या प्रचंड कमानीतून लाकडी वासे अजून तसेच बाहेर आलेले दिसतात, जणू गवंडी नुसते जेवायला गेलेत.

आत घुमटाखाली दोन टनांची धातूची कढई आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर तिच्यातलं गोड पाणी सगळ्यांना वाटायचे म्हणे. १९३५मध्ये ती लेनिनग्राडला नेली, १९८९मध्ये परत आली. एक आजी तिच्यासमोर ओंजळ धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मीही तिथेच थांबले.

यसवी बाराव्या शतकातले. विद्वानांची भाषा अरबी-फारसी असताना त्यांनी स्टेपमधल्या, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतल्या, मेंढपाळांना कळेल अशा तुर्की बोलीत ईश्वरप्रेम सांगितलं. त्यांच्या नावावरच्या ‘हिकमत’ या भक्तिपर रचना लोकांच्या तोंडी राहिल्या, त्यामुळे धर्म तंबूतंबूत पोचला, आणि गाण्यातून पोचला. पार आनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्की देशातल्या, सूफी संत हाजी बेकताशांची परंपराही आपलं नातं यसवींशीच जोडते. मला स्वतःला तलवारींच्या इतिहासापेक्षा हा गाण्यांचा इतिहास जास्त मोठा वाटतो.

पैगंबरांचं आयुष्य त्रेसष्ट वर्षांचं, म्हणून त्या वयानंतर यसवी जमिनीखालच्या खोलीत राहायला गेले, असं सांगतात. संध्याकाळी मी दर्ग्याबाहेर आले तेव्हा निळ्या फरशांवर ऊन उतरत होतं. आजी पायरीवर बसून नातवाला पाव भरवत होत्या.