गणित बरोबर आलं, शेक विचारायचा राहिला

आज फार्म-डीच्या, म्हणजे फार्मसीच्या डॉक्टरेट पदवीच्या, पाचव्या वर्षाच्या मुलांची पॅलिएटिव्ह केअरची (बरा न होणाऱ्या रोग्याचं दुखणं हलकं करणाऱ्या उपचारांची) परीक्षा घेतली. नुसत्या व्हायवावर, म्हणजे तोंडी परीक्षेवर, भागवायचं नाही, हे यंदा मी हट्टानं ठरवून घेतलं होतं. व्हायवात ही मुलं अडत नाहीत. वेदनाशामकं सौम्यापासून तीव्रापर्यंत कशी चढवायची याची जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ सालची तीन पायऱ्यांची शिडी, मॉर्फिन दर चार तासांनी का, किडनी कमजोर असेल तर ते का जपून द्यायचं, सगळं घडाघडा सांगतात. पण तोंडाच्या कॅन्सरचा रोगी गावी बाजेवर पडलेला आहे आणि त्याची सून औषधांची पिशवी घेऊन समोर उभी आहे, तर तिच्याशी यांना बोलता येतं का? ते व्हायवात कळत नाही.

म्हणून ऑस्की (OSCE) घेतली, म्हणजे प्रसंग उभा करून घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत हार्डन यांनी ती पद्धत मांडली. प्रत्येक टेबलावर एक प्रसंग, ठरलेली मिनिटं, घंटा वाजली की पुढचं टेबल. सुनेचं काम ओळखीतल्या एका निवृत्त सिस्टरांनी केलं. वॉर्डात आयुष्य गेलेलं, बोली इथलीच. पहिलाच मुलगा आत आला तेव्हा त्या इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मामांला लई ठणकतंय ओ सर, रातभर डोळ्याला डोळा नाही," की तो फॉर्म बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसला. तिथंच मला बरं वाटलं.

फेंटानिलच्या पॅचचं (कातडीवर चिकटवायच्या तीव्र वेदनाशामकाच्या पट्टीचं) टेबल अजून डोक्यातून जात नाही. प्रसंग असा: सासऱ्यांना गोळी गिळवत नाही म्हणून पॅच लावलाय, आणि कालपासून ते गुंगीत आहेत. मुलांनी पॅच कितीचा, कधी लावला, ७२ तासांनी बदलता का, हे नीट विचारलं. सिस्टरांना मी एक गोष्ट बजावली होती, विचारल्याशिवाय सांगायची नाही. ठणका थांबावा म्हणून घरचे विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच खांद्याला शेक देतायत. उष्णतेनं पॅचमधलं औषध अंगात जास्त वेगानं शिरतं. गुंगी वाढते, श्वास मंदावतो. अंगात ताप असला तरी तेच. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर, घरावर पत्रे. म्हणजे हा प्रश्न मराठवाड्यात तरी पहिल्या पाचांत यायला हवा.

बहुतेकांनी तो विचारला नाही. एका मुलीनं म्हटलं, "मावशी, दुखायला लागलं की तुम्ही घरी काय काय करता?" आणि गप्प राहिली. सिस्टरांनी आधी तेल चोळतो म्हणून सांगितलं, मग वीट. मुलीनं लगेच शेक थांबवायला सांगितलं, पॅच काढायला लावला, आत्ताच डॉक्टरांना फोन करू म्हणाली, आणि पॅच काढला तरी औषध कितीतरी तास अंगात राहतं, तेव्हा माणसाजवळ कुणीतरी बसून राहा, हेही सांगितलं. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून ठेवा, घरात लेकरं आहेत, एवढंही. सहकारी म्हणाले, खेड्यातली आहे म्हणून सुचलं तिला. मला नाही पटलं. वर्गातली निम्मी मुलं खेड्यातलीच आहेत. तिनं मोकळा प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत धीर धरला. हे शिकवता येतं, म्हणून ते तपासताही आलं पाहिजे.

वेदना मोजण्यावरून आमचा थोडा वाद झाला. एका मुलानं 'शून्य ते दहा'मध्ये विचारलं, सिस्टर म्हणाल्या, "ते काय कळत नाही बाबा." मग त्यानं विचारलं, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" "चौदा आणे!" चेकलिस्टवर 'शून्य ते दहा' असं छापलेलं, म्हणून दुसऱ्या परीक्षकांनी गुण दिला नाही. मी तो द्यायला लावला. उद्या तीच सून येऊन 'सहा आण्यांवर आलं' म्हणाली, तर डोस पुरतोय की नाही हे त्याला कळणार आहे.

डोसच्या गणितात मात्र मी कणभरही सूट देणार नाही. मॉर्फिन १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, म्हणजे दिवसाचे ६०. काल मधेच कळ आली म्हणून तीनदा जादा १०-१० घेतलं. एकूण ९०, म्हणून नवा नियमित डोस १५. दोघांनी जादा डोस धरलेच नाहीत. त्यांची बाकीची टेबलं कितीही छान झाली असोत, त्यांना हे पुन्हा द्यावं लागेल. चिठ्ठीत मॉर्फिन होतं आणि पोट साफ व्हायचं औषध मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, ते मात्र बऱ्याच जणांनी पकडलं. मॉर्फिनची मळमळ काही दिवसांत सरते, बद्धकोष्ठ सरत नाही, हे त्यांच्या चांगलं डोक्यात बसलंय.

शेवटच्या टेबलावर सिस्टर विचारायच्या, "मामा बरे होतील ना?" कितीतरी जण पटकन "होतील, होतील" म्हणून गेले. मायेनंच म्हणाले, पण घरचे त्या शब्दावर जमीन विकतात. एकजण थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हे डॉक्टरांना विचारू. मी तुमच्यासंगं येतो. दुखणं कमी करायचं मात्र आपल्या हातात आहे." मी त्याला पूर्ण गुण दिले.

मॉर्फिन ज्यात येतं तो अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५चा. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी आमच्याकडचे रोगी त्यासाठी बार्शी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट मुंबईचं टाटा रुग्णालय गाठतात. परतल्यावर गावात औषधातलं कळणारा एखादा फार्मासिस्टच असतो. तो हीच मुलं असणार आहेत.

उद्याच्या विभागाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडायच्या. डोसचं टेबल नापास तर परीक्षा नापास. आणि उरलेल्या गुणांतले निम्मे संवादाला, त्यात सिस्टरांचंही मत धरायचं. "होतील, होतील" म्हणणाऱ्यांना मी परवा बोलावलंय, सिस्टरही येणार आहेत.