25 सेंटची बाटली

बर्लिनमधली तरुण मुलं पर्यावरणाच्या कळवळ्यानेच रिकाम्या बाटल्या परत करतात, असं माझ्या भाचरांना वाटतं. फोंड्याहून फोन आला की प्रश्न ठरलेला, "मावशी, तिथल्या मुलांना हे कोण शिकवतं गं?"

शिकवण्याचा वाटा असेल, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती सोय. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत द्यावी लागते. बाटली परत घेणारं यंत्र सुपरमार्केटमध्येच असतं. बाटली आत सरकवायची, पावती घ्यायची, तेवढी रक्कम बिलातून वजा. पिशव्या भरभरून बाटल्या आणणारे विद्यार्थी त्या रांगेत नेहमी दिसतात. ज्यांना परत करायचा कंटाळा येतो, ते बाटली कचरापेटीशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे गरजूला ती पेटीत हात न घालता उचलता येते. ही रीत मला फार आवडते.

हीच मुलं कपडे मात्र मिळतील तितके स्वस्त घेतात. हवामानाच्या मोर्चात घोषणा देणारी मुलगी महागडा सेंद्रिय सुती सदरा परत ठेवते, यात मला ढोंग दिसत नाही. खोलीचं भाडं भरल्यावर हातात उरतंच किती?

मानसशास्त्रज्ञ आइझेन यांनी 1991 मध्ये सविस्तर मांडलेला सिद्धांत इथे नेमका लागू पडतो. माणसाचं स्वतःचं मत, जवळच्यांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल' हा भरवसा, या तिन्हींतून त्याचा इरादा ठरतो. आपण तरुणांच्या मतावरच भाषणं देत बसतो, आणि मत तर त्यांचं आधीच पक्कं असतं.

वस्तूंवरच्या हिरव्या दाव्यांवरच्या विश्वासाचंही तसंच. इथे पर्यावरणाला कमी हानी करणाऱ्या वस्तूंवर लावलं जाणारं 'ब्लाउअर एंगेल' हे चिन्ह 1978 पासून आहे. आजीपासून नातीपर्यंत सगळे ते ओळखतात. मडक्याचं चित्र असलेलं आपलं 'इकोमार्क' 1991 चं, पण पणजीतल्या कॉलेजच्या किती मुलांनी ते पाहिलंय? मग पाकिटावरचं हिरवं पान आणि 'नैसर्गिक' हा शब्द पाहून त्यांना शंका आली, तर ती रास्तच आहे. खोट्या हिरव्या दाव्यांविरुद्ध केंद्राने 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली, ती दुकानाच्या फळीपर्यंत पोचायला हवीत.

जवळच्यांची अपेक्षा काय करू शकते, हे गोंयकाराला सांगायला नको. चवथीला चिकणमातीचा गणपती आणि गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घड, तोरिंगणं, कांगण्या हे घराघरांत ठरलेलं असतं. तिथे तरुणांना कुणी पर्यावरणाचा धडा देत नाही. घरचं म्हणून ते करतात आणि हौसेने करतात.

गोवा सरकारने 2024 मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आता माझं मागणं एवढंच, की बाटली परत घेण्याची जागा कॉलेजच्या कॅन्टीनपाशी, कदंबच्या बसस्थानकावर आणि किनाऱ्यावरच्या शॅकजवळ असावी. त्यासाठी दुचाकी काढून तीन वाडे पलीकडे जावं लागलं, तर माझी भाचरंही जाणार नाहीत.