सकाळी नाही, संध्याकाळी!

रद्दीवाल्याने काटा लावला आणि म्हणाला, "ताई, गुळगुळीत कागदाला भाव कमी."

सासूबाईंची बागकामाची मासिकं. परसबाग, गच्चीवरची भाजी, कुंडीतली फळझाडं. गठ्ठा बांधता बांधता एक अंक उघडला. वेलभाज्यांवरचा लेख होता. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं, नर फुलाचा देठ नुसता. सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा, असं लिहिलेलं. आणि समासात, पेन्सिलीने, सासूबाईंचं अक्षर:

"दुधीला सकाळी नाही, संध्याकाळी! फूल तेव्हाच उमलतं."

मी तिथेच बसले. यंदा गच्चीतल्या दुधीची बोटभर फळं पिवळी पडून गळत होती. मी रोज सकाळी सातला फुलं शोधत होते. ती पांढरी फुलं दिवेलागणीला उमलतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. लाल भोपळ्याचं सकाळी, दुधीचं संध्याकाळी. लेखाने दोघांना एकच नियम लावला होता. त्यांनी वेलाशेजारी उभं राहून तो दुरुस्त केला.

कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक १९६५ पासून निघतंय. त्याचेही किती अंक असे समासात लिहून भरले असतील! मी फोनवर लागवडीचे शेकडो व्हिडिओ पाहिले, पण माझा एक शब्दही त्यांच्या कडेला राहिला नाही.

गठ्ठा परत आत आणला. आज संध्याकाळी दोन मादी फुलं सापडली.

तुमच्या घरी आहेत का असे लिहिलेले अंक?