शिंगटीची लांबी नेमकी कुठपर्यंत मोजायची? एमएस्सी प्रोजेक्टचा माझा अनुभव

आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं नंतर. माशांच्या जाती मापांवरून ओळखायच्या असतील तर शेपटाचा पर, म्हणजे टोकाची पंख्यासारखी पातळ पाकळी, लांबीत धरू नका. कोणी सांगितलं, कुठल्या फॉर्मवर छापलेलं असलं, तरी मुख्य माप म्हणून तो धरू नका. माझे साडेतीन महिने या एका गोष्टीपायी गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले.

मी शहाद्याकडची. एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होता, विषय मीच मागून घेतला, तापीतल्या शिंगट्या. आपल्याकडे बाजारात मिशा असलेला बोटभर-वीतभर मासा आला की तो शिंगटी, विकणारी मावशी पण तेच म्हणते आणि घेणारा पण. पण एका टोपलीत बघितलं तर दोन-तीन जाती सहज निघतात. या सगळ्या मिस्टस या एकाच गटातल्या. यातली व्हिटाटस नावाची जात ओळखणं सोपं आहे, तिचा पाठीवरचा मागचा मांसल पर, म्हणजे ॲडिपोज, छोटा असतो आणि पुढच्या काट्याच्या परापासून सुटा असतो, मध्ये मोकळी जागा दिसते. खरी पंचाईत कॅव्हेशिअस या जातीसारख्या दिसणाऱ्यांची. त्यांचा ॲडिपोज लांबलचक, पुढचा पर संपला की लगेच सुरू. ब्लीकेरी या जातीचा पण तसाच. आणि या माशांना खवलेच नसतात! खवल्यांचा मासा असला तर अंगावरच्या रेषेवरचे खवले मोजून बरंच काम होतं, इथे ती सोयच नाही. राहतात ती मापं आणि परांमधले काटे.

मला या विषयाचं वेड लागलं त्याचं कारण वेगळंच आहे. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना आपल्या मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावं ठेवली. सिंगटी, सिंघाला, खुद्री, मुल्या, कोळस, ही सगळी नावं लॅटिनच्या थाटात लिहिलेली पण कोळ्या-भोयांच्या तोंडची. त्यातली सिंगटी पुढे बरीच वर्षं कॅव्हेशिअसमध्येच मिसळून टाकली होती. २००५ मध्ये कॅव्हेशिअस म्हणवणाऱ्या माशांचा पुन्हा नीट अभ्यास झाला तेव्हा सिंगटी वेगळी जात म्हणून परत उभी राहिली. म्हणजे मावशी टोपलीत हात घालून जे नाव घेते ते नाव खरोखर पुस्तकात आहे. मग तापीतली आपली कोणती, हा प्रश्न मला झोपू देईना.

मासे गोळा करणं अवघड गेलं नाही. सारंगखेड्याचा बॅरेज आणि प्रकाशाचा संगम, दोन जागा, ऑक्टोबर ते जानेवारी, पहाटे दादाच्या गाडीवर जायचं आणि जाळं निघताना मेलेलेच मासे विकत घ्यायचे. एकूण ४८ मासे झाले. एक काका फार मदत करायचे, मी टोपलीतून उचललेला मासा बघून म्हणायचे, "ताई, यानी शेपटी तुटेल शे, दुसरा ले." मी म्हणायचे राहू द्या काका, शेपटीचं काय. तेव्हा त्यांचं ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. आणि हो, काटा जपा, खांद्याजवळच्या परातला काटा बोटात गेला तर संध्याकाळपर्यंत हात ठणकतो, मासा मेलेला असला तरी.

मापं घेताना कॉलेजचं व्हर्निअर चाललं नाही, अक्षरं पुसलेली, म्हणून डिजिटल कॅलिपर स्वतः घेतला. सगळी मापं डाव्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवायचा नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. डोक्याची लांबी, थुंतरी (डोळ्यांपुढचा तोंडाचा भाग), डोळ्याचा व्यास, दोन डोळ्यांमधलं अंतर, थुंतरीपासून पाठीच्या परापर्यंत, गुदाजवळ अंगाची उंची, ॲडिपोजच्या पायाची लांबी, शेपटाआधीच्या देठाची लांबी आणि जाडी, मिशा, अशी एकूण २२ मापं. अंगाची मापं स्टँडर्ड लेंग्थच्या टक्क्यात आणि डोक्यावरची मापं डोक्याच्या लांबीच्या टक्क्यात काढायची, हे प्रोजेक्टच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी वहीत लिहून दिलं होतं. स्टँडर्ड लेंग्थ म्हणजे थुंतरीच्या टोकापासून शेपटाचं हाड संपतं तिथपर्यंत, पर धरायचाच नाही. शेपूट हळूच बाजूला वाकवलं की मुळाशी एक घडी पडते, तिथे कॅलिपरचं टोक ठेवायचं. खवले नसल्याने शिंगटीत ही घडी छान दिसते. दोन दिवसांत हात बसतो.

इथवर सगळं व्यवस्थित. मग आलं ते ऑफिस.

मॅडम म्हणाल्या नाव आपण ठरवलं तरी बाहेरून पक्कं करून घे, नमुने कुठेतरी रीतसर जमा झाले पाहिजेत, नंबर पडला पाहिजे. बरोबरच होतं ते. ऑफिसचं नाव लिहीत नाही. त्यांचा एक छापील फॉर्म होता, प्रत्येक माशाला एक ओळ, आणि त्यात लांबीचा एकच रकाना, "एकूण लांबी". एकूण लांबी म्हणजे थुंतरीपासून शेपटाच्या शेवटच्या टोकापर्यंत. आता या माशांच्या शेपटाची वरची पाकळी लांब असते, टोकाला दोऱ्यासारखी बारीक होत जाते. जाळ्यात अडकली, टोपलीत घासली, दुसऱ्या माशाच्या काट्यात गुंतली की गेली. माझ्या ४८ पैकी ३१ जणांचं टोक तुटलेलं होतं. मग एकूण लांबी लिहायची कुठून?

मी स्टँडर्ड लेंग्थ लिहिली, रकान्याच्या डोक्यावर पेनने तसं स्पष्ट लिहिलं, आणि फॉर्म, बरण्या सगळं देऊन आले. सव्वा महिना काहीच नाही. फोन केला की "टेबलावर आहे". मग फॉर्म परत, वर शेरा, माहिती अपूर्ण. मी स्वतः गेले. सकाळच्या एसटीने निघाले, साडेअकराला पोचले, दुपारी तीनला आत बोलावलं. तिथले म्हणाले फॉर्ममध्ये जे मागितलं ते भरा, रकाना बदलता येत नाही, तुटलेलं असेल तर आहे तेवढं मोजून लिहा.

आहे तेवढं मोजून लिहा! मी परत येताना एसटीत कागदावर हिशोब केला, तो इथे देते म्हणजे राग का येतो ते कळेल. एक मासा घ्या, स्टँडर्ड लेंग्थ १०२ मिलिमीटर, डोकं २५.५, म्हणजे डोकं बरोबर २५ टक्के. शेपूट धड असतं तर एकूण लांबी १३४, डोकं होतं १९ टक्के. त्याच माशाचं टोक तुटलं, एकूण लांबी १२४ राहिली, तर डोकं २०.६ टक्के. मासा तोच, डोकं तेच, पण कागदावर डोकं दीड टक्क्याने मोठं झालं. जवळच्या जातींमध्ये फरकच मुळात असे एक-दोन टक्क्यांचे असतात. म्हणजे जाळ्यात शेपूट तुटलेले मासे एका बाजूला आणि धड मासे दुसऱ्या बाजूला पडणार आणि आपण म्हणणार दोन जाती सापडल्या. मी घरी येऊन खरंच करून पाहिलं, सगळी मापं एकूण लांबीच्या टक्क्यात काढून पास्ट नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पीसीए लावलं (सगळी मापं एकत्र करून प्रत्येक मासा आलेखावर एका ठिपक्याने दाखवायची पद्धत), तर ठिपक्यांचे दोन पुंजके थोडेसे सुटे दिसायला लागले, आणि त्यातला एक पुंजका म्हणजे जवळपास सगळे तुटलेल्या शेपटाचे. स्टँडर्ड लेंग्थवर आणलं की ते दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. हा आलेख मी प्रिंट काढून दुसऱ्या अर्जाला जोडला.

दुसरा अर्ज पण परत आला. शेरा तोच.

आईचं म्हणणं पडलं की भरून टाक ना काहीतरी, कोण बघतंय. पप्पा पण म्हणाले मुदत जाईल. खरं सांगते दोन रात्री मी तो फॉर्म उघडून बसले होते, ३१ खोटे आकडे लिहायचे, दहा मिनिटांचं काम. पण मग मला वाटलं की ज्या कामासाठी मी थंडीत पाचला उठून नदीवर गेले त्याच कामात मी स्वतःच्या हाताने चूक भरणार, आणि उद्या कोणी त्या नंबरवरून ते आकडे वापरले तर? नाही भरलं. ज्यांचं शेपूट धड होतं त्या १७ माशांची एकूण लांबी लिहिली, उरलेल्या ३१ ओळींत "वरची पाकळी तुटलेली" असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं, एकही ओळ रिकामी सोडली नाही, आणि सोबत वेगळ्या कागदावर सगळ्या ४८ ची स्टँडर्ड लेंग्थ. रकाना रिकामा नाही म्हटल्यावर खिडकीवरच्या माणसाला घ्यावंच लागलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा. रिकामं ठेवू नका आणि खोटं लिहू नका, कारण लिहा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिथल्या लॅबमधून एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या अगं आम्हाला स्टँडर्ड लेंग्थच लागते, फॉर्म फार जुना आहे, तुझा वेगळा कागद आधीच का नाही दिलास. मी म्हटलं मॅडम पहिल्याच दिवशी दिली होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या बरण्या माझ्या टेबलावर मागवून घेते. मला तेव्हा गच्चीवर रडू आलं, सुटल्यासारखं वाटून.

या सगळ्या खेपांमध्ये एक फायदा झाला, मी सगळे मासे दोनदा मोजले. ते करायलाच पाहिजे होतं, कोणी सांगितलं नसतं तर मी केलं नसतं. आधीचे आकडे न बघता दहा मासे वेगवेगळ्या तीन दिवशी मोजा आणि फरक बघा. माझं डोक्याचं माप छान जुळलं, पण दोन डोळ्यांमधलं अंतर दरवेळी वेगळं यायचं, म्हणून ते माप शेवटी काढूनच टाकलं. मैत्रिणीने सुरुवातीचे आठ मासे मोजून दिले होते, ते पण परत मोजले, कारण ती कॅलिपर जरा दाबून धरायची. सगळे मासे एकाच हाताने मोजलेले बरे.

लहान-मोठे मासे एकत्र ताडून बघू नका हेही राहिलं सांगायचं. लहान माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो, मासा वाढतो तसा डोळा त्या वेगाने वाढत नाही. मिशांचं पण तसंच, शिवाय त्याही तुटतात. सात सेंटिमीटरची आणि पंधरा सेंटिमीटरची शिंगटी शेजारी ठेवून टक्के लावले तर वेगळ्या जाती वाटतील. पीसीएचा पहिला अक्ष बहुतेक वेळा नुसता आकारच सांगतो, त्याच्यावर हुरळून जाऊ नका. मी आकाराचा परिणाम काढून टाकला आणि शिवाय ९ ते १२ सेंटिमीटरचे मासे वेगळे काढून पुन्हा बघितलं.

फॉर्मलिनचं सांगते. बाजारातलं फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात मासे टिकवायचे, नंतर धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घरात अजिबात करू नका. फॉर्मलिनमध्ये मासा थोडा आकसतो, म्हणून अर्धे ताजे आणि अर्धे टिकवलेले असं मोजू नका, सगळे एकाच अवस्थेत मोजा. आणि डीएनए करायचा थोडासाही विचार असेल तर फॉर्मलिनच्या आधी उजव्या बाजूचा मांसाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. उजवी बाजू, कारण डावी मोजायची असते. मला हे उशिरा कळलं, तोवर फॉर्मलिनमध्ये गेलेल्या माशांचा डीएनए नीट मिळणं कठीण झालं होतं. फक्त शेवटच्या खेपेचे अकरा तुकडे आहेत माझ्याकडे.

शेवटी एकदाचं त्या ऑफिसचं पत्र आलं. ९ मासे व्हिटाटस, ४ ब्लीकेरी, आणि उरलेल्या ३५ ना त्यांनी "मिस्टस सीएफ. सिंगटी" लिहिलं. सीएफ म्हणजे सिंगटीशी ताडून पाहावी अशी, जवळची आहे पण शिक्का मारत नाही. काही जणांना हे अर्धवट वाटेल, मला नाही वाटलं. ३५ माशांच्या मापांवर तेवढंच म्हणता येत होतं आणि त्यांनी तेवढंच म्हटलं. पुढच्या हिवाळ्यात अकरा तुकड्यांचं काम करायचं आहे, आणि गिरणा, पांझरेतले मासे अजून बघितलेच नाहीत.

बरणीतल्या लेबलवर पेन्सिलनेच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. माझ्या पहिल्या तीन बरण्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या, वहीवरून तारखा जुळवाव्या लागल्या. आता कॉलेजच्या कपाटात सहा बरण्या आहेत, प्रत्येकीत चिठ्ठी, नदी, गाव, तारीख, आणि शेवटच्या ओळीत मी मराठीत पण लिहिलंय, शिंगटी. सारंगखेड्याचे काका एकदा तालुक्याला आले होते तेव्हा त्यांना कपाट उघडून दाखवलं. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "हाई तर मनीच शिंगटी शे."