लीद कोणी उचलायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात महाल भागातल्या गल्लीत, इतवारीत, लग्नाच्या लॉनच्या फाटकाशी, जिथे वरात नेतो तिथे कोणीतरी विचारतंच: "कुत्रेवाले पिशवी घेऊन फिरतात, तुम्ही घोडेवाले लीद काहून उचलत नाही?"

उचललीच पाहिजे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला पळवाट वाटणार नाही.

वडील म्हणायचे, घोडं गवत खातं, लीद म्हणजे गवतच, ऊनपाऊस बघून घेईल. मीही बरीच वर्षं लोकांना हेच ऐकवलं. वर विचारायचो, गाईच्या शेणाला कोणी अडवतं का? पण तेव्हा रस्त्याच्या कडेला माती होती. आता नागपुरात जिकडेतिकडे सिमेंट. त्यात काही मुरत नाही. टायरखाली लीद चिरडते, मेच्या उन्हात वाळते आणि धूळ होऊन तुमच्या घरात शिरते. घोड्याच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, ते उघड्या जखमेत जाणं वाईटच. आणि सकाळी ती उचलते कोण? झाडणारी बाई. वरातीचे पैसे तिला नाही, मला मिळालेले असतात. गाईचा दाखला इथे लंगडा पडतो, हे कळतं. तरी कोणी तोऱ्यात बोललं की तोच तोंडात येतो.

पण "पडली की लगेच उचला" हे ज्याने कधी लगाम धरला नाही तोच म्हणू शकतो. मोठं घोडं दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकतं, तीही एका वेळी नाही, थोड्या थोड्या वेळाने. मुतायला ते थांबतं, लीद मात्र चालता चालता टाकतं. भ्यालं की जास्त, आणि पातळ. डीजेमागे चालणारी घोडी भ्यालेलीच असते.

एका रात्री महालातल्या एका अरुंद गल्लीत घोडीने लीद टाकली ती नेमकी एका घराच्या पायरीसमोर. एक गृहस्थ आडवे उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता उचल भाऊ, नाहीतर वरात पुढे जात नाही." पुढे डीजे, मागे पाहुणे, वर नवरदेव. मी एकटा. सोबतचा पोरगा आला नव्हता, कारण त्याचे पैसे द्यायला यजमानांनी नकार दिला होता. मी डाव्या हातात लगाम धरून घमेलं घ्यायला वाकलो आणि कोणीतरी फटाक्यांची लड लावली. घोडी मागच्या पायांवर उभी झाली. नवरदेवाला त्याच्या मामांनी कसंबसं खाली ओढलं. लगाम माझ्या तळव्याची साल काढून सुटला. लोखंडी नाल सिमेंटवर घसरते. घोडी पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आपटली. मांस दिसत होतं. गल्लीभर माणसं, पण डीजे बंद करायला कोणाला सुचेना.

ते गृहस्थच बादलीभर पाणी घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. घोडीला तबेल्यात पोचवून, डॉक्टर येऊन गेल्यावर मी परत गेलो. लीद गाड्यांनी त्यांच्या पायरीपर्यंत पसरवली होती. खरवडून काढली. त्यांची मागणी खोटी नव्हती, आणि माझी घोडी आजही फटाका वाजला की थरथरते. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे की मागे घमेलं आणि खराटा घेऊन दुसरा माणूस चालला पाहिजे, आणि त्याची मजुरी वरात काढणाऱ्याने दिली पाहिजे. 2016 च्या घनकचरा नियमांनीही रस्त्यावर कचरा टाकायला मनाई केली आणि 100 हून जास्त माणसांच्या कार्यक्रमात आयोजकावरही जबाबदारी टाकली. घोडी माझी, पण गल्लीतून नाचत नेणारे तुम्ही.

आता बोलणी करतानाच दुसऱ्या माणसाचे पैसे सांगतो. काही घरं तिथूनच उठतात आणि स्वस्तातली घोडी ठरवतात. तिच्यामागे कोणी नसतं. काही म्हणतात, "एकटेच या ना, एवढ्याशा लिदीचं काय!" अशांना नाही म्हणावं, असं दर हंगामाआधी ठरवतो. मग चंदीचा, म्हणजे घोडीच्या दाण्याचा, भाव बघतो आणि हो म्हणतो, वरात संपल्यावर घमेलं घेऊन त्याच रस्त्याने मागे फिरतो. तोवर किती टायर त्यावरून गेलेले असतात, ते मलाही दिसतं.